पासवर्ड बरोबर होता

सविताने पासवर्ड माझ्यासमोर तीनदा टाकला, एकेक अक्षर पुटपुटत. तिन्ही वेळा एकच प्रकार. एंटर दाबलं की स्क्रीन काळी व्हायची, क्षणभर तशीच राहायची आणि पुन्हा तेच लॉगिनचं पान. तेच नाव, तोच रिकामा चौकोन.

पासवर्ड चुकला असता तर मशीनने तसं सांगितलं असतं. ते काहीच म्हणत नव्हतं. आमच्या धंद्यात याला लॉगिन लूप म्हणतात. दारावरचा माणूस ओळख पटवून आत सोडतो आणि आतला माणूस लगेच बाहेर काढतो, असा हा आजार आहे. विंडोजऐवजी लिनक्स असलेल्या मशीनवर तो बऱ्याचदा दिसतो.

मी विचारलं, "कधीपासून?"

"ड्रायव्हर टाकला त्या दिवसापासून, मॅडम."

झालं. माझ्या मनात आरोपी पकडला गेला, खटला चालला आणि शिक्षाही झाली. नव्या ग्राफिक्स ड्रायव्हरनंतर लॉगिन लूप येणं म्हणजे आमच्याकडे ताप आला की मलेरियाची तपासणी, इतकं ठरलेलं. सकाळचे दहा वाजले होते. तासाभरात मोकळी होईन, असं मी सविताला छातीठोक सांगितलं.

मी जव्हारला संगणक दुरुस्ती करते. आधी नाशिकला एका कंपनीत सर्व्हिस इंजिनिअर होते. नवरा शिक्षक, त्याची बदली इकडे झाली, म्हणून नोकरी सोडून एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत टेबल टाकलं. पुढे त्याची पुन्हा बदली झाली. तो आता रोज विक्रमगडला जातो-येतो, माझं टेबल काही हललं नाही.

सविता पोशेऱ्याच्या बाजूच्या एका पाड्यावरची. वय पंचविशीचं. बारावी झालेली. मधली तीन वर्षं आईबापाबरोबर भिवंडीला बांधकामावर काढलेली. आता पाड्याच्या वनहक्क समितीची सचिव. त्या दिवशी ती पहाटेच्या जीपने मोखाड्याहून आली होती, सीपीयू चादरीत गुंडाळून मांडीवर घेऊन. सोबत जान्या काका होते. सत्तरीचे असतील. ते दाराशी स्टुलावर बसले आणि माझ्याकडे नाही, मशीनकडे बघत राहिले.

काम काय होतं ते सांगते, म्हणजे घाई कशाची ते कळेल. पाड्याने सामूहिक वनहक्काचा दावा केला होता. ज्या डोंगरावरून पिढ्यान् पिढ्या लाकूडफाटा, मध, डिंक, रानभाजी आणली, तो डोंगर राखायचा आणि वापरायचा गावाचा हक्क कागदावर यावा, असा अर्ज. तो दोनदा परत आला होता. दोन्ही वेळा शेरा एकच, नकाशा अपुरा. मग एका संस्थेने ड्रोनचे फोटो काढून दिले. ते एकमेकांना जोडून अख्ख्या डोंगराचं एक चित्र करायचं होतं. शिवाय जान्या काका आणि पाड्यातली सगळी जुनी माणसं सविताला घेऊन हद्दीवरून चालली होती. कुठला दगड, कुठला झरा, कुठलं आंब्याचं झाड, प्रत्येक जागी थांबून तिने मोबाईलवर खूण घेतली होती. त्या सगळ्या खुणा आणि त्यांची नावं या मशीनमध्ये होती. मोबाईल भरला म्हणून तिने ती सगळी त्याच्यावरून कधीच पुसली होती.

सुनावणी दुसऱ्या दिवशी अकरा वाजता होती, जव्हारलाच, प्रांतसाहेबांसमोर.

पुढची तारीख मागता आली असती. पण भातकापणी संपत आली होती. दिवाळी झाली की पाडा रिकामा होतो. कोणी वीटभट्टीवर, कोणी बांधकामावर, थेट होळीलाच परत. मग हद्द दाखवायला साहेबासमोर उभं कोण राहणार? आणि सविताची स्वतःची एक गोष्ट होती. ती सांगताना तिचा आवाज पडला.

"माझ्या शब्दावर लोकांनी ऐन कापणीत चार दिवस काम सोडलं, मॅडम. डोंगर चढले. मी म्हटलं होतं, या वेळी होईल."

फोटो जोडताना तिचं मशीन रडायला लागलं होतं, म्हणून संस्थेने एक जुनं ग्राफिक्स कार्ड पाठवलं. ग्राफिक्स कार्ड म्हणजे चित्राचं जड काम उचलणारा वेगळा भाग. आणि ड्रायव्हर म्हणजे संगणक आणि कार्ड यांच्यातला दुभाषी, एक सॉफ्टवेअर. तीन दिवसांपूर्वी कार्ड मीच बसवलं होतं. पण त्या दिवशी रस्त्याच्या खोदकामात आमची फायबर तुटलेली, नेट बंद. मग ड्रायव्हर कसा टाकायचा ते मी सविताला कागदावर आठ ओळींत लिहून दिलं. पाड्यावर शाळेच्या ओट्यावर रेंज येते, तिथे बसून तिने तो टाकला. म्हणजे चूक असलीच तर माझ्या कागदातही असू शकत होती, हे मला टोचत होतं. त्यामुळे मी जरा जास्तच जोरात कामाला लागले.

लॉगिन होत नसलं तरी लिनक्सच्या मशीनला मागचं दार असतं. तीन बटणं एकत्र दाबली की चित्रं नसलेली, नुसत्या अक्षरांची काळी स्क्रीन येते. तिथे नाव-पासवर्ड देऊन हुकूम टाइप करता येतात. मी माझ्या 'सर्व्हिस' नावाच्या खात्याने आत गेले. प्रत्येक मशीनवर मी असं एक खातं करून ठेवते, दुरुस्तीसाठी. लॉगिनच्या यादीत सविता आणि सर्व्हिसखेरीज तिसरं एक नाव दिसलं होतं, 'गावदेव'. मी विचारलं नाही. लोक खात्यांना काय वाटेल ती नावं देतात. माझ्या एका गिऱ्हाइकाच्या खात्याचं नाव 'वाघ' आहे आणि तो औषधांचं दुकान चालवतो.

मागच्या दाराने पाहिलं तर ड्रायव्हर जागेवर होता. कार्डाची ओळख लागत होती. डिस्क भरलेली नव्हती. सगळं ठीक दिसत होतं आणि मला ते पटत नव्हतं. मी ड्रायव्हर मुळापासून काढला. रीस्टार्ट. लूप. त्याआधीची जुनी आवृत्ती उतरवली, त्यात पाऊण तास गेला. रीस्टार्ट. लूप. ती पण काढली. मग पेचकस घेऊन कार्डच बाहेर काढलं आणि मॉनिटरची वायर मदरबोर्डला लावली.

लूप.

इथे शहाण्या माणसाने हात बांधून बसायला हवं होतं. कार्ड टेबलावर पडलेलं, ड्रायव्हर पुसलेला, तरी आजार तोच. पण एकदा मनात चोर ठरला की त्याची टोपी दिसली तरी पुरते. मी म्हटलं, ड्रायव्हरचे अवशेष राहिले असतील. आणि ते शोधायला लागले. साप साप म्हणून भुई धोपटणं म्हणतात ते हेच.

साडेबाराच्या सुमाराला ठाण्याहून संस्थेच्या देसाई सरांचा फोन आला. ते तिथले इंजिनिअर. माणूस सज्जन, पण प्रत्येक रोगावर एकच औषध.

"मॅडम, फॉरमॅट मारा ना. कशाला डोकेफोड?"

मला कोणी फॉरमॅट मारा म्हटलं की माझं डोकं फिरतं. पत्र्याला भोक पडलं म्हणून घर पाडतात का? पण शांतपणे म्हटलं, "सर, आतला डेटा बाहेर काढेन मी. पण मग फॉरमॅट, सगळी सॉफ्टवेअर पुन्हा, नकाशा पुन्हा जुळवायचा. दोन दिवस जातील. सुनावणी उद्या अकराला आहे."

"मग आमच्याकडे ड्रोनचे फोटो आहेतच. मी इथून साधा नकाशा करून पाठवतो."

"त्यात हद्दीच्या खुणा असतील?"

"त्या नसतील. पण डोंगर दिसेल."

डोंगर साहेबाला खिडकीतूनही दिसतो. दोनदा परत आलेला नकाशा तसलाच होता. मी तीन वाजेपर्यंतची मुदत मागून घेतली. नाहीतर देसाई सरांचा नकाशा प्रिंट करायचा, असं ठरलं. सविताने हे सगळं ऐकलं. ती नुसती चादरीची घडी घालत राहिली. चार वेळा घातली आणि मोडली. मला तिचा राग येत होता आणि तो खरं म्हणजे माझ्यावरचाच राग होता.

जान्या काका तेव्हा पहिल्यांदा बोलले. आधी सविताशी, त्यांच्या घरच्या बोलीत, हळू आवाजात. सविता मान हलवून नको नको म्हणत होती. शेवटी ते माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "बाई, देवाच्या नावानं उघडून बघा. तठं उघडतं."

"कुठे?"

"देवाच्या. तठं काय अडत नाय."

मी सविताकडे पाहिलं. ती कानापर्यंत लाल झाली होती. मग तिने सांगितलं आणि मी खुर्ची ओढून नीट ऐकलं.

पाड्यावर नवं धान्य आलं की आधी देवाला, मग घरात. रानातली पहिली भाजी असो की पहिलं भात, रीत तीच. कार्ड बसवलेलं मशीन पाड्यावर पोचलं तेव्हा म्हाताऱ्या माणसांनी विचारलं, हे नवं आहे ना? मग पहिलं कोण वापरणार? सविताने तोड काढली. तिने गावदेवाचं खातं उघडलं, हुकूम चालावेत म्हणून त्याला ॲडमिनचे हक्क दिले, पुढ्यात नारळ ठेवला आणि सगळ्यांच्या देखत पहिलं लॉगिन देवाच्या नावाने केलं. ड्रायव्हरही देवाच्याच खात्यातून टाकला, माझा कागद समोर धरून. मग मशीन रीस्टार्ट केलं. स्वतःच्या नावाने आत जायला गेली, तर लूप.

"मग देवाच्या खात्यातूनच नकाशा का नाही केलास?"

उत्तर काकांनी दिलं. "देवाच्या पाटावर माणूस बसतो का?"

आणि मला का नाही सांगितलं, हे विचारायची गरजच नव्हती. मी हसेन म्हणून. मी हसले असते का? सकाळी दहा वाजता बहुतेक हसले असते. आता हसायची माझी लायकी उरली नव्हती. कारण एक साधी गोष्ट मी केली नव्हती, जी नाशिकला नव्या पोरांना मी पहिल्या दिवशी शिकवायचे. एका खात्याने आत जाता येत नसेल तर दुसऱ्या खात्याने जाऊन बघा. माझं स्वतःचं सर्व्हिस खातं त्याच यादीत होतं. मी मागच्या दाराने दहा वेळा आत-बाहेर केलं, पुढच्या दारातून एकदाही गेले नाही.

मी काकांना विचारलं, एकदा देवाच्या नावाने आत जाऊ का? त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं. मी चपला काढल्या. काकांनी हात जोडले, दोन शब्द पुटपुटले आणि मान हलवली. पासवर्ड सविताने सांगितला. तो अख्ख्या पाड्याला पाठ होता. मी म्हटलं, अगं, पासवर्ड असा सगळ्यांना सांगतात का? ती म्हणाली, "आमच्या गावदेवाला छप्पर नाही, दार नाही. त्याच्याकडे कोणीही जातं."

एंटर दाबलं. डेस्कटॉप उघडला, जणू काही झालंच नव्हतं. बाहेर आले, सर्व्हिसने गेले. तेही उघडलं. म्हणजे मशीन ठणठणीत होतं. ड्रायव्हर निर्दोष होता, कार्ड निर्दोष होतं, माझा आठ ओळींचा कागदही निर्दोष होता. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली होती. फांदी कशाने मोडली तेवढं शोधायचं होतं.

पुन्हा काळी स्क्रीन काढली आणि या वेळी सविताच्या नावाने आत गेले. मशीनने एका ओळीत उत्तर दिलं. या व्यक्तीला तिच्या घरात प्रवेश नाही. घर म्हणजे होम फोल्डर, जिथे माणसाच्या सगळ्या फाइली आणि सेटिंग राहतात. लॉगिन झालं की संगणकाला तिथे एक छोटी नोंद लिहावी लागते. ती लिहिता आली नाही की तो काही न बोलता माणसाला बाहेर सोडून देतो.

लिनक्समध्ये प्रत्येक फाइलचा सातबारा असतो असं समजा. त्यावर मालकाचं नाव असतं आणि त्याच्या शेजारी गटाचं. मी सविताच्या घराचा उतारा काढला. वरपासून खालपर्यंत, हजारो फाइलींवर, मालक एकच. गावदेव.

"सविता, तू ड्रायव्हर टाकल्यावर आणखी काही केलंस?"

केलं होतं. देवाचं पहिलं लॉगिन झालं तेव्हा म्हाताऱ्यांनी विचारलं होतं, की नकाशा कोणाच्या नावावर? ती म्हणाली, माझ्या. ते लोकांना पटेना. डोंगर देवाचा, त्याचा नकाशा एका पोरीच्या नावावर कसा? पोरगी उद्या लग्न होऊन गेली तर? मुद्दा अगदीच चूक नव्हता. सविताने ओट्यावर बसून एक हिंदी व्हिडिओ शोधला, मालक बदलायचा हुकूम पाहिला आणि देवाच्या खात्यातून तो चालवला. नाव फक्त नकाशाच्या फोल्डरचं बदलायचं होतं. पण हुकमात फोल्डरचा पत्ता अर्ध्यावर, तिच्या घरापाशीच तुटला आणि तिचं अख्खं घरच देवाच्या नावावर गेलं. लगेच ड्रायव्हरसाठी रीस्टार्ट केल्यामुळे खापर ड्रायव्हरवर फुटलं. ते फोडणाऱ्यांत पहिली मी.

दुरुस्ती म्हणजे एक ओळ. घर पुन्हा सविताच्या नावावर. पण एंटर दाबण्याआधी मी थांबले. तीन तास न विचारता काम केल्याचं फळ समोर होतं. मी काकांना सगळं सांगितलं, जमेल तितक्या सोप्या शब्दांत. नकाशाचं फोल्डर देवाच्या नावावर ठेवलं तर सविताला त्यात रेघ ओढता येणार नाही. सविताच्या नावावर केलं तर पाड्याला आवडणार नाही. मग शेजारच्या रकान्यात एक गट करते, नाव 'पाडा'. त्यात सविता, आणि उद्या जो कोणी हे काम शिकेल तो. मालक गावदेव, काम करणारा पाडा.

काका स्टुलावरून उठून मशीनजवळ आले. मग म्हणाले, "डोंगराचंबी असंच हाय, बाई. देवाचा हाय. राखतो आमी."

मी आणखी एक मागणी केली. देवाच्या खात्याचे ॲडमिनचे हक्क काढू द्या, कारण पासवर्ड सगळ्यांना ठाऊक आहे, उद्या कोणी खेळता खेळता मशीन पुसून टाकेल. मला वाटलं, आता वाद होणार.

"काढा. देवाला कारभार कशाला? नाव पुरे," काका म्हणाले.

चार-पाच ओळी टाइप केल्या. कार्ड परत बसवलं, ड्रायव्हर पुन्हा टाकला, मशीन रीस्टार्ट केलं. खुर्ची सविताला दिली. तिने पासवर्ड टाकला, पुटपुटत. स्क्रीन काळी झाली. आम्ही तिघंही वाकून बघत होतो. मग डेस्कटॉप आला आणि सविता ओढणीने डोळे पुसायला लागली. मलाही भरून आलं. मी पेचकस शोधायच्या निमित्ताने टेबलाखाली वाकले.

पावणेतीन वाजले होते. देसाई सरांना कळवलं. ते म्हणाले, "मी म्हणालोच होतो, ड्रायव्हरचा काही प्रॉब्लेम नसेल." असं ते म्हणाले नव्हते. मीही वाद घातला नाही, कारण मीही तसं म्हणाले नव्हते.

पाचपर्यंत नकाशा जुळला. मोठ्या कागदाचा प्रिंट चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडे काढला. काकांनी तो जमिनीवर पसरायला लावला, उकिडवे बसले आणि बोटाने हद्दीवरून चालायला लागले. एका झऱ्यापाशी बोट थांबलं. खूण ओढ्याच्या चुकीच्या काठावर पडली होती. सविताने ती हलवली, प्रिंट पुन्हा काढला.

दुसऱ्या दिवशी सुनावणीला मी गेले नाही, माझं तिथे काही काम नव्हतं. पण दुपारी दोघं येऊन गेली. साहेबांनी हद्द विचारली तेव्हा काकांनी कागदावर न बघता पहिल्या दगडापासून शेवटच्या आंब्यापर्यंत सगळी नावं सांगितली आणि साहेब कागदावर बोट ठेवून ताडून बघत गेले. एकही खूण चुकली नाही. या वेळी शेरा बदलला. नकाशा मान्य, दावा मंजुरीसाठी वरच्या समितीकडे. हक्क अजून हातात आला नव्हता, पण कागद पहिल्यांदाच पुढच्या दिशेने गेला होता. सविता म्हणाली, आता दिवाळीनंतर लोक कामाला गेले तरी चालेल, हद्द कागदावर लिहून ठेवली आहे.

त्या दिवसापासून माझ्या तक्रारवहीत मी एक रकाना वाढवला. बिघाड काय, कधीपासून, शेवटी काय टाकलं, हे तर विचारतेच. त्याच्याही आधी विचारते, या मशीनवर कोणाकोणाची खाती आहेत? देव धरून सगळी सांगा. लोक हसतात. पण सांगतात, आणि मीही आता आधी ऐकून घेते, मगच पेचकस उचलते.